चित्र न दाखवणाऱ्या क्विल्टचं कापड

मिस्टरी क्विल्ट शिवायला घेतलेल्या माणसाला शेवटपर्यंत ठाऊक नसतं की आपण नेमकं काय शिवतो आहोत. अमेरिकेत हा प्रकार चांगलाच रुजलेला आहे. डिझाइन करणारी बाई आधी फक्त कापडाची यादी देते: उजळ इतकं, मध्यम इतकं, गडद इतकं. मग दर आठवड्याला किंवा दर महिन्याला एकेक पान हाती पडतं. अडीच इंचाच्या पट्ट्या कापा, दोन-दोन जोडा, इस्त्री करा, पुन्हा कापा. कशासाठी, ते लिहिलेलं नसतं. तयार क्विल्ट कशी दिसते ते शेवटच्या पानावर कळतं, तेही आपले सगळे तुकडे शिवून झाल्यावर.

मी कराडच्या एका शिंप्याची मुलगी. वडिलांच्या दुकानात काजं-बटणं करत मोठी झाले, लग्नानंतर इकडे आले आणि आता नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात राहते. क्विल्टच्या वेडासाठी याहून चांगलं गाव मिळणं कठीण. इथल्या विद्यापीठाचं इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम आहे. १९९७ साली आर्डिस आणि रॉबर्ट जेम्स या दांपत्यानं आपल्या संग्रहातल्या साडेनऊशेच्या आसपास क्विल्ट विद्यापीठाला दिल्या, त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. २००८ मध्ये त्याला स्वतःची इमारत मिळाली. जानेवारीत बाहेर बर्फ साचलेलं असतं, शेतीची कामं थांबलेली असतात, आणि आमचा गट वाचनालयाच्या एका खोलीत जमून मिस्टरी सुरू करतो. नव्यानं आलेल्यांना कापड निवडायला आणि कापायला मदत करणं हे काम माझ्याकडे आहे. मला ते मनापासून आवडतं, कारण मिस्टरी क्विल्ट बिघडते ती बहुतेक वेळा शिलाईमुळे नाही. ती बिघडते दुकानात, नाहीतर कापायच्या टेबलावर.

हप्त्याहप्त्यानं क्विल्ट करायची सवय इथे जुनी आहे. 'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्रानं १९२८ पासून १९६१ पर्यंत क्विल्टचे नमुने छापले. शेतावरच्या बायका ते कापून वहीत चिकटवून ठेवत. त्यात गुपित नव्हतं, नमुना समोर दिसायचा. चित्र झाकून ठेवण्याची गंमत पुढे आली. आजच्या मिस्टरीवाल्यांमध्ये बॉनी हंटर यांचं नाव सगळ्यात मोठं. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा पहिला हप्ता येतो आणि देशोदेशीच्या बायका कात्र्या घेऊन बसतात. २०१७ सालच्या त्यांच्या मिस्टरीचं नाव 'ऑन रिंगो लेक' होतं. त्यांच्या क्विल्ट देखण्या असतात, पण त्यांत बारीक तुकडे फार. पहिल्यांदाच करणाऱ्यानं तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली मिस्टरी तीन कापडांची असावी, तुकडे मोठे असावेत आणि माप सोपं असावं.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे विद्यापीठात शिकणारी नागपूरची एक मुलगी आली. मी तिला कापडाच्या दुकानात घेऊन गेले. तागे बघून तिचे डोळे चमकले आणि मग चेहरा पडला.

"काकू, चित्रच माहीत नाही तर रंग कोणते घेऊ?"

"रंग तुला आवडतील ते घे. फक्त घेतलेस की मला दाखव."

तिनं डाळिंबी, मोरपिशी आणि गर्द जांभळा असे तीन तागे काढले. प्रत्येक कापड सुंदर होतं आणि तिन्ही शेजारी ठेवले तर कुणीही वाहवा म्हणावं असे होते. मी ते टेबलावर एकावर एक असे ठेवले की प्रत्येकाची चार बोटं पट्टी दिसेल, आणि तिला फोनवर काळा-पांढरा फोटो काढायला सांगितला. तिनं काढला आणि बघतच राहिली. फोटोत तीन पट्ट्या नव्हत्याच. एकच करडा ठोकळा होता.

"हे तर एकच कापड वाटतंय!"

तेच तर आहे. लाल, हिरवा, निळा हे रंग आपल्या डोळ्यांना वेगळे दिसतात, पण क्विल्टमधली नक्षी उमटते ती उजळ कापडाला गडद कापड भिडतं तिथे. चांदणी, शिडी, बाण, जे काही त्या शेवटच्या पानावर लपलेलं असेल ते या उजळ-गडद फरकातून उभं राहतं. फरक नसेल तर सगळे तुकडे मापात शिवूनसुद्धा चार फुटांवरून नुसती गर्दी दिसते. खणाच्या कापडांकडे बघा. डाळिंबी खण आणि गर्द हिरवा खण हातात घेतले तर किती वेगळे! काळ्या-पांढऱ्या फोटोत ते बहुतेक वेळा सख्खी भावंडं निघतात.

नेहमीच्या क्विल्टमध्ये ही गोष्ट सांभाळून घेता येते, कारण नमुना समोर असतो. अमुक त्रिकोण तमुक चौकोनाला लागणार नाही हे दिसत असतं. मिस्टरीत ते दिसत नाही. म्हणून नियम एकच धरायचा: यादीतलं कुठलंही कापड कुठल्याही कापडाशेजारी बसणार आहे असं समजून निवड करायची. तीन कापडं असतील तर तिघं एकमेकांपासून सुटी दिसली पाहिजेत. उजळ खरंच उजळ हवं: पांढरं, हस्तिदंती, फिकट बदामी, अगदी फिकट आकाशी. गडद खरंच गडद हवं. आणि मध्यम या दोघांच्या बरोबर मधे, कुणाच्याही अंगाला न चिकटलेलं. मध्यम निवडताना लोक सगळ्यात जास्त अडखळतात. उजळ आणि गडद आधी टेबलावर ठेवा, मधे चार वेगवेगळी कापडं एकेक करून सरकवून बघा, प्रत्येक वेळी फोटो काढा. फोन नसेल तर डोळे अर्धे मिटून बघा, रंग विरतो आणि फक्त उजेड-अंधार उरतो. माझे वडील सफारीच्या कापडाला अस्तर जुळवताना असेच डोळे बारीक करायचे.

नागपूरच्या मुलीनं शेवटी जांभळा ठेवला. मोरपिशी परत गेला, त्याच्या जागी आबोली आला आणि उजळ म्हणून फिकट मोतिया. डाळिंबी सोडताना तिला वाईट वाटलं. मी तिला सांगितलं, तो किनारीसाठी मनात राहू दे.

आपल्या गोधडीशी याचं नातं लावायचा मोह अनेकांना होतो. माझी आजी वाकळ शिवायची तेव्हा तिच्याकडेही कागदावरचं चित्र नव्हतं हे खरं. जुनी लुगडी, धोतरं, झंपराचे उरलेले तुकडे जसे हाताला लागतील तसे ती लावत जायची आणि धावदोऱ्यानं सगळं एक करायची. पण वाकळ तिच्यासमोर पसरलेली असायची. इथे लाल जास्त झालं म्हणून पुढचा तुकडा पांढरा, असं ती दर क्षणी ठरवू शकत होती. मिस्टरीत ठरवायची संधी एकदाच मिळते, अगदी सुरुवातीला. पुढे सगळं पानावर लिहिलेलं. म्हणून निवडीला वेळ द्या. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

आता छापील कापडाबद्दल. मोठ्या फुलांची, पानांची कापडं ताग्यावर फार छान दिसतात. त्यातून अडीच इंचाचे चौकोन कापले की एका चौकोनात नुसती पाकळी येते, दुसऱ्यात नुसती पांढरी जमीन. एकच कापड एका ठिकाणी गडद आणि दुसऱ्या ठिकाणी उजळ होऊन बसतं, आणि नक्षी तिथेच तुटते. गडद कापडावर ठसठशीत पांढरे ठिपके असतील तरी तसंच. पहिल्या मिस्टरीसाठी बारीक छपाईचं, लांबून एकरंगी भासेल असं कापड घ्यावं. पट्टे आणि चौकडी तूर्त बाजूला ठेवावी. एका दिशेला डोकी असलेले हत्ती, मोर, घरंही नकोत, कारण आपला तुकडा पुढे कसा फिरवला जाणार ते आपल्याला माहीत नाही. हत्ती उलटे झाले की फार वाईट दिसतं.

कापडाची जात हा त्याहून महत्त्वाचा भाग, आणि इथे भारतातल्या वाचकांना एक अडचण येईल. अमेरिकेत क्विल्टसाठी म्हणूनच विकलं जाणारं सुती कापड मिळतं, साधारण ४२ ते ४४ इंच पन्ह्याचं, एकसारख्या जाडीचं. आपल्याकडे तसं वेगळं काढून ठेवलेलं नसतं, पण पॉपलीन आणि केंब्रिक ही दोन कापडं या कामाला उत्तम. वीण घट्ट, इस्त्री नीट बसते, कापल्यावर धागे फारसे सुटत नाहीत. ब्लाउजपीसच्या दुकानात टू बाय टू रुबियाच्या छटांची भिंतच्या भिंत असते, ती बघून हात शिवशिवतात हे मला माहीत आहे. पण ते कापड पातळ. उजळ रुबियाखाली गडद कापडाची दुमड आली की ती वरून दिसते. वायलचंही तेच. टेरीकॉट तर नकोच, कारण ते गरम इस्त्रीनं सुतासारखं दबत नाही आणि दोन तुकड्यांमधली शिलाई फुगलेली राहते. खण सुंदर आहे, पण पन्हा अरुंद, अंगात थोडी घसरण आणि कापल्यावर कडा भराभर उसवतात. तो दुसऱ्या-तिसऱ्या क्विल्टसाठी राखून ठेवा.

हातछपाईचं कापड, म्हणजे कच्छची अजरख, बगरू, सांगानेर, कलमकारी, हे मी भारतात आले की हमखास घेऊन जाते. क्विल्टमध्ये ते इतकं जिवंत दिसतं की इथल्या मैत्रिणी हात लावून बघतात. मात्र ते धुतल्याशिवाय कधीही कापायचं नाही. निळा आणि लाल या दोन रंगांवर मुळीच विश्वास ठेवू नका. कोमट पाण्यात एकटं भिजवा, पाणी रंगीत झालं की ओतून टाका, पुन्हा भिजवा, पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे करत राहा. मग पांढऱ्या ओल्या फडक्यानं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड मोतिया उजळाच्या शेजारी जाऊ देऊ नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंही. एक कापड धुतलेलं आणि दुसरं कोरं असं मिसळलं तर क्विल्ट धुतल्यावर एकच तुकडा आक्रसतो. धुवायचं तर तिन्ही धुवा. धुतल्यावर कापड मऊ पडतं आणि कापताना सरकतं, म्हणून हलकी खळ देऊन इस्त्री करा. खळ दिलेलं कापड कागदासारखं वागतं. कापण्याच्या कामात याच्याएवढी मदत कुठल्याच महागड्या अवजाराची होत नाही.

किती कापड घ्यायचं हे सांगायला एक उदाहरण घेते. आमच्या गटानं नवशिक्यांसाठी केलेली मिस्टरी बारा चौकटींची होती, प्रत्येक चौकट तयार झाल्यावर १२ इंचांची. तीन आडव्या, चार उभ्या, म्हणजे किनारीशिवाय ३६ बाय ४८ इंच. पहिल्या पानावर होतं: उजळ आणि गडद कापडाच्या अडीच इंची आठ-आठ पट्ट्या. दुसऱ्या पानावर: उजळ आणि मध्यम कापडाचे पाच इंची चोवीस-चोवीस चौकोन. बस. आता हिशेब बघा. अडीच इंची आठ पट्ट्या म्हणजे २० इंच कापड. पाच इंची चौकोन ४२ इंची पन्ह्यात एका पट्टीला आठ बसतात, चोवीस चौकोनांना तीन पट्ट्या, म्हणजे १५ इंच. गडद लागतं २० इंच, मध्यम १५ इंच आणि उजळ दोन्हीकडे असल्यामुळे ३५ इंच. मीटर म्हणजे ३९ इंच आणि वर थोडं. उजळ एक मीटर घेतलं तर हिशेबात बसतं, पण कापड सरळ करण्यात दोन-तीन इंच जातात, धुण्यात थोडं आटतं, आणि एखादी पट्टी वाकडी गेली की संपलं. म्हणून उजळ सव्वा मीटर, गडद आणि मध्यम पाऊण-पाऊण मीटर. पन्हा ३६ इंची असेल तर उजळ दीड मीटर आणि बाकीची एकेक मीटर घ्या. मिस्टरीत यादीपेक्षा पाव मीटर जास्त घेणं ही उधळपट्टी नाही. शेवटच्या पानापर्यंत दोन-चार महिने जातात, तोवर दुकानातला तो तागा संपलेला असतो आणि तीच छटा पुन्हा मिळत नाही.

कापड घरी आणल्याबरोबर एक पुठ्ठा घ्या. तिन्ही कापडांचे बोटभर तुकडे त्यावर चिकटवा आणि शेजारी लिहा: उजळ, मध्यम, गडद. काही मिस्टरींत ए, बी, सी अशी अक्षरं असतात, ती लिहा. एका महिन्यानंतर 'बी कापडाच्या पट्ट्या' असं पानावर वाचलं की आपलं बी कोणतं हे आठवत नाही, आणि चित्र नसल्यामुळे पडताळून बघायलाही काही नसतं. हा पुठ्ठा मशीनजवळ भिंतीला टाचून ठेवायचा.

आता कापणं. इथे सगळ्यांच्या हातात रोटरी कटर असतो: गोल फिरणाऱ्या पात्याचा, पिझ्झा कापतात तशा चाकाचा. जपानच्या ओल्फा कंपनीनं तो १९७९ मध्ये बाजारात आणला आणि क्विल्टचं काम कितीतरी पटींनी वेगवान झालं. त्याआधी पुठ्ठ्याचा साचा ठेवून, खडूनं आखून, एकेक तुकडा कात्रीनं कापत. ज्यांच्याकडे कटर नाही त्यांनी आजही तसंच करावं, क्विल्ट अगदी तितकीच चांगली होते. कटर घेणार असाल तर ४५ मिलिमीटर पात्याचा घ्या. सोबत आखलेली रबरी चटई आणि सहा बाय चोवीस इंचांची पारदर्शक पट्टी हवीच. पातं उघडं असताना कटर टेबलावर ठेवायचा नाही, क्षणभरसुद्धा नाही. उभं राहून कापायचं, स्वतःपासून दूर नेत कापायचं, पट्टी दाबणाऱ्या हाताची बोटं कडेपासून लांब ठेवायची. हे पातं वस्तऱ्याच्या धारेचं असतं आणि जखम खोल होते.

पहिला काप मारण्याआधी कापडाचा धागा सरळ आहे का बघा. ताग्यावरून कापलेलं कापड बहुतेक तिरकं असतं. वडील पॉपलीनला कडेला छोटी चीर देऊन टरकन फाडायचे, ते आडव्या धाग्यावरच फाटतं आणि सरळ रेषा आपोआप मिळते. नाजूक कापड असेल तर एक धागा सुईनं उचलून ओढायचा, तो निघाला की त्याची वाट दिसते. मग दोन्ही काठ एकमेकांना लावून घडी घालायची आणि ते काठ हातात धरून कापड लोंबू द्यायचं. घडीपाशी सुरकुती किंवा लाट दिसली तर एक काठ डावीकडे-उजवीकडे सरकवत जायचं, लाट नाहीशी होईपर्यंत. त्या वेळी काठांची टोकं एकमेकांवर येत नसली तरी हरकत नाही. घडी सपाट लोंबली पाहिजे.

हे का, ते पहिल्या पट्टीत कळतं. घडी घातलेल्या कापडावर पट्टी घडीशी बरोबर काटकोनात ठेवून कापली तर उघडल्यावर सरळ रेघ मिळते. काटकोन जरा जरी चुकला तरी उघडलेल्या पट्टीला मधोमध, जिथे घडी होती तिथे, बाक येतो. चाळीस इंची पट्टी इंग्रजी व्ही अक्षरासारखी पसरते. ती दुसऱ्या पट्टीला शिवली की शिलाई सरळ जाते आणि कापड वाकडं, आणि त्यातून कापलेले चौकोन मग चौकोन राहत नाहीत. म्हणून मी नवशिक्यांना सांगते: पहिली पट्टी कापा, उघडा, चटईच्या रेघेवर ठेवा आणि घडीच्या जागी वाकून बघा. बाक असेल तर कापड पुन्हा लोंबवा, कड पुन्हा सरळ करा. दर तीन-चार पट्ट्यांनंतर हीच तपासणी पुन्हा. काठाची अर्धा इंच पट्टी कापून टाकायची, तिची वीण घट्ट असते आणि धुतल्यावर ती वेगळी आटते.

अडीच इंच हे माप कुठून येतं? तयार चौकोन दोन इंचांचा हवा आणि चारी बाजूंनी पाव-पाव इंच मार्जिन, म्हणून अडीच. वडिलांच्या भाषेत पाव इंच म्हणजे दोन सूत, कारण इंचाचे आठ सूत. ब्लाउजला अर्धा-पाऊण इंच मार्जिन ठेवायची सवय असलेल्या बायकांना दोन सूत फारच कमी वाटतं आणि हात नकळत जास्त दाबतो. त्याचा परिणाम काय होतो ते मोजून बघा. आमच्या क्विल्टच्या काही ओळींत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४ शिलाया येतात आणि काही ओळींत ११. प्रत्येक शिलाईत दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा सूत जास्त गेला, म्हणजे एका शिलाईला एक सूत, तर पहिली ओळ १४ सूत आखडते, दुसरी ११ सूत. पावणेदोन इंचांचा तोटा झाला हे एक, आणि दोन ओळी एकमेकींना जुळत नाहीत हे दुसरं. ओढून-ताणून जुळवलं की क्विल्टला पोक येतो. म्हणून सगळं कापायच्या आधी दोनच पट्ट्या कापा, जोडा, इस्त्री करा आणि मोजा. रुंदी बरोबर साडेचार इंच आली पाहिजे. आली नाही तर मशीनच्या पट्टीवर रंगीत चिकटपट्टी लावून मार्जिनची जागा पक्की करा आणि पुन्हा बघा. पुढच्या सगळ्या हप्त्यांची मापं या एका तपासणीवर उभी आहेत.

पहिल्या पानाच्या आठ गडद पट्ट्या आठ उजळ पट्ट्यांना जोडल्या, इस्त्रीची दुमड गडद बाजूला पाडली, आणि त्या जोडपट्ट्यांचे पुन्हा अडीच इंचाचे तुकडे कापले. एका जोडपट्टीतून सोळा तुकडे निघतात. कापड सरळ करण्यात थोडं गेलं आणि पंधराच निघाले तरी आठ पट्ट्यांचे १२० होतात, आणि आपल्याला १२० च हवेत. दोन-दोन तुकडे उलटसुलट जोडले की बुद्धिबळाच्या पटासारख्या साठ चार-चौकटी तयार. एकेक चौकोन सुटा कापून शिवण्यापेक्षा हे किती सोपं! शिवाय बारीक तुकडा मशीनखाली सरकायचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या पानात त्रिकोण आहेत, पण त्रिकोण कापायचे मात्र नाहीत. उभा धागा ताणला तर हलत नाही, आडवा थोडा देतो, आणि तिरका भरपूर ताणतो. नुसता त्रिकोण कापून शिवायला घेतला की त्याची तिरकी बाजू हातात लांबते. म्हणून उजळ आणि मध्यम चौकोन सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवायचे, कर्णावर पेन्सिलीची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांवर शिलाई घालायची आणि मग रेघेवर कापायचं. एका जोडीतून दोन दुरंगी चौकोन मिळतात. ते थोडे मोठे असतात, साडेचार इंचांवर छाटून सारखे करायचे. छाटताना पट्टीची ४५ अंशांची रेघ शिलाईवर ठेवायची.

प्रत्येक टप्प्यानंतर तुकडे मोजून पारदर्शक पिशवीत घाला आणि चिठ्ठी टाका: पान पहिलं, चार-चौकटी, साठ. उरलेलं कापड मात्र अखंड राहू द्या. नवशिक्या उत्साहात सगळं कापड आधीच पट्ट्यांमध्ये कापून ठेवतात, आणि पुढच्या पानात नेमका मोठा चौकोन निघतो. पानावर आहे तेवढंच कापायचं.

ही मिस्टरी संपून गेली आहे, तेव्हा गुपित सांगायला हरकत नाही. चार कोपऱ्यांत आणि मधोमध चार-चौकटी, चार बाजूंना दुरंगी चौकोन: अमेरिकेतली जुनी प्रसिद्ध चौकट, जेकब्ज लॅडर. गडद चौकोन कर्णावर एकामागे एक चढत जातात आणि शिडी दिसते. तेच तुकडे वेगळे फिरवले, रंगांची जागा बदलली, की तीच चौकट दुसऱ्या नावानं ओळखली जाते. नागपूरच्या मुलीच्या क्विल्टमध्ये जांभळ्या शिड्या मोतियावरून सरळ तिरक्या धावल्या आणि आबोलीचे त्रिकोण त्यांच्या बाजूला बाणांसारखे उभे राहिले. तिनं सगळे मूळ तागे ठेवले असते तर शिडी कुणालाच दिसली नसती.

एक राहिलं. किनारीचं कापड सुरुवातीला घेऊ नका, यादीत असलं तरी नको. चौकटी जोडून झाल्या की क्विल्ट जमिनीवर पसरा, मनात राहिलेलं डाळिंबी किंवा जे असेल ते कापड तिच्या कडेला लावून बघा, आणि मग ठरवा. सहा इंच रुंद किनार लावली तर क्विल्ट ४८ बाय ६० इंचांची होते. त्याला साडेसहा इंची पाच पट्ट्या लागतात, म्हणजे ४४ इंची पन्ह्याचं एक मीटर पुरतं. धुतल्यावर आटणारं असेल तर सव्वा मीटर घ्या.